सर्व्हर उभा करणं एका संध्याकाळचं काम, पैसे मिळतात सांभाळण्याचे



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर एक छोटी वेबसाइट चालू करून पाहिली. व्हिडिओ बघून वाटतं, एवढंच असतं होय! चार कमांड टाकल्या, साइट दिसली, झालं काम. खरं सांगायचं तर झालं ते काम गिऱ्हाईक एकदाच बघतं आणि विसरतं. त्याला आठवण येते ती सहा महिन्यांनी, साइट बंद पडल्यावर. त्या दिवशी फोन कोणाला येतो आणि फोन उचलणाऱ्याला काय येतं, यावर हा धंदा चालतो. ते व्हिडिओत दाखवता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. हे सगळ्यांनी शिकायचं नाही. तुमचा मसाल्याचा किंवा लोणच्याचा व्यवसाय असेल आणि ऑनलाइन दुकान हवं असेल, तर तयार मिळणारं दुकान महिन्याच्या भाड्यावर घ्या आणि तुमचा वेळ मसाल्यात घाला. पण तुम्ही वेबसाइट बनवून देता, कॉम्प्युटर दुरुस्ती किंवा सीसीटीव्हीचं दुकान चालवता, क्लासेसना किंवा डॉक्टरांना सॉफ्टवेअर बसवून देता, तर तुमच्यासाठी हे शिकणं फायद्याचं आहे. कारण ही गिऱ्हाइकं तुम्हाला आधीच विचारतात, "जरा आमची साइट पण बघता का?" त्या "जरा बघता का"चं रूपांतर बिलात करायचं आहे.

लिनक्सच का, हे थोडक्यात. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये हे काम सुरू केलं. आज तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही त्याचाच गाभा आहे. लायसन्सचे पैसे शून्य. एक जीबी मेमरीचा छोटा सर्व्हर महिन्याला पाच-सहा डॉलरच्या आसपास भाड्याने मिळतो. म्हणजे भांडवल जवळजवळ नाहीच. आणि इथेच बरेच जण फसतात. भांडवल नाही म्हणून दरही नाही, असा हिशोब करतात आणि "सर्व्हर लावून देतो, पाच हजार" असं एकरकमी सांगून मोकळे होतात.

वॉटर प्युरिफायरवाला काय करतो बघा. मशीन बसवतो आणि लगेच एएमसीचा कागद पुढे करतो. फिल्टर बदलावा लागणार हे त्याला माहीत असतं. लिफ्टचं तेच, एसीचं तेच. सर्व्हर हे असंच मशीन आहे, फक्त त्याचा फिल्टर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून शिकतानाच एएमसीवाल्याच्या डोक्याने शिका.

सुरुवात घरच्या जुन्या लॅपटॉपवर

भाड्याचा सर्व्हर लगेच घेऊ नका. माळ्यावर पडलेला जुना लॅपटॉप काढा. ४ जीबी रॅम असेल तरी शिकायला भरपूर झालं. उबंटू सर्व्हर किंवा डेबियन पेनड्राइव्हवर उतरवून घ्या आणि त्यावरून बसवा. बसवताना आतलं सगळं पुसलं जाणार, तेव्हा लग्नाचे फोटो, मुलांचे व्हिडिओ आधी दुसरीकडे काढून ठेवा.

सर्व्हरच्या आवृत्तीत डेस्कटॉप नसतो, माउसचं काम नसतं. काळा पडदा आणि लुकलुकणारी कांडी. घाबरायचं नाही. दोन दिवसांत सवय होते. लॅपटॉपला वायरने राउटरशी जोडा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएचने त्यात शिरा. विंडोज १० आणि ११ मध्ये एसएसएच सहसा आधीच असतं, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

एक गंमत लगेच कळेल. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो आणि तुमचा सर्व्हरही झोपतो. झाकण मिटल्यावर काय करायचं याचं एक सेटिंग असतं, ते शोधून बदलायचं. हे तुमचं पहिलं खरं ॲडमिनिस्ट्रेशनचं काम. दुसरी गंमत म्हणजे बॅटरी अजून चांगली असेल, तर वीज गेली तरी हा सर्व्हर चालू राहतो. फुगलेली बॅटरी असेल तर मात्र ती काढूनच टाका, त्यात हयगय नको.

पहिला आठवडा फाइल आणि परवानग्या यांवर घालवा. प्रत्येक फाइलला तीन प्रकारची माणसं असतात: मालक, त्याचा गट आणि बाकी जग. प्रत्येकाला वाचणं, लिहिणं, चालवणं या तीन परवानग्या वेगवेगळ्या देता येतात. हाऊसिंग सोसायटीसारखंच आहे हे. फ्लॅटचा मालक, सोसायटीचे सभासद आणि रस्त्यावरून जाणारे लोक. साइट चालत नसली की इंटरनेटवर कोणीतरी सांगतं, "सातशे सत्याहत्तर परवानगी देऊन टाका." तसं केलं की साइट बहुतेक वेळा चालू होते, कारण तुम्ही घराची किल्ली सगळ्या गल्लीला वाटलेली असते. साइट का अडली हे शोधायला वीस मिनिटं लागू देत, पण हा रस्ता धरू नका. गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर ७७७ दिसलं की मी समजून जातो, आधीच्या माणसाला घाई होती.

घरच्या लॅपटॉपवर मुद्दाम मोडतोड करा. वेबसर्व्हरची फाइल बिघडवा आणि दुरुस्त करा. फायरवॉल लावून स्वतःलाच बाहेर कोंडून घ्या. उबंटूच्या फायरवॉलमध्ये एसएसएचला वाट न देता ती चालू केली की तुम्ही परत आत येऊ शकत नाही. घरी असाल तर उठून लॅपटॉपसमोर बसायचं. भाड्याचा सर्व्हर असेल तर भाडं घेणाऱ्या कंपनीच्या पॅनलमध्ये एक कन्सोल असतो, मागच्या दारासारखा. ते दार कुठे आहे हे संकटाच्या आधी पाहून ठेवा.

कोणता लिनक्स घ्यायचा

यावर लोक तासन् तास भांडतात. माझं मत साधं आहे: ज्याची शेवटची तारीख माहीत आहे, तो घ्या. सेंटओएस नावाचा लिनक्स अनेक होस्टिंगवाल्यांचा लाडका होता. त्याची आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत चालेल असं लोक धरून चालले होते. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ती २०२१ च्या अखेरीस बंद होणार. जगभरातल्या ॲडमिन मंडळींना वर्षभरात बाडबिस्तरा हलवावा लागला. त्यातूनच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे पर्याय पुढे आले.

उबंटूची एलटीएस आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं नेहमीचे सुरक्षा अपडेट मिळतात. २४.०४ ही एप्रिल २०२४ ची, म्हणजे २०२९ पर्यंतची सोय. गिऱ्हाइकाच्या फाइलमध्ये ही तारीख लिहून ठेवा, गाडीच्या विम्याची लिहितो तशी. त्या तारखेच्या सहा महिने आधी तुम्हाला एक नवं काम मिळणार आहे आणि त्याचं वेगळं बिल होणार आहे.

उघड्या रस्त्यावरचं दुकान

घरचा लॅपटॉप राउटरच्या मागे असतो, सुरक्षित. भाड्याचा सर्व्हर मात्र थेट रस्त्यावर उभा असतो. सर्व्हर चालू करा, चहा पिऊन या आणि मग लॉगिनच्या नोंदींची फाइल उघडा. कोणी रूट नावाने, कोणी ॲडमिन, कोणी टेस्ट नावाने आत शिरायचा प्रयत्न केलेला दिसेल. तुमच्यावर कोणाचा राग नाही. ही यंत्रं आहेत, जगातली प्रत्येक कडी हलवून बघत फिरतात.

एसएसएच जन्माला आलं तेही अशाच भानगडीतून. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डची चोरी झाली, तेव्हा तातू युलोनेन या संशोधकाने ते बनवलं. आज पासवर्डपेक्षा किल्लीने लॉगिन करणं बरं. किल्लीची जोडी असते. एक भाग सर्व्हरवर ठेवायचा, दुसरा फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर. किल्ली चालतेय याची खात्री करायची आणि मगच पासवर्डने येणं व रूटने थेट येणं बंद करायचं. हा क्रम उलटा करू नका. आणि हे करताना एक खिडकी उघडीच ठेवा. दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होतंय हे दिसलं की मगच पहिली बंद करा.

सुरक्षा अपडेट आपोआप होऊ द्या. पण गाभ्याचा अपडेट लागू व्हायला सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो. तो कधी करायचा, हे गिऱ्हाइकाला विचारून ठरवा. टिफिनवाल्याचा सर्व्हर सकाळी अकराला बंद करून चालणार नाही.

वेळेवरून आठवलं. बरेच भाड्याचे सर्व्हर जागतिक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर चालतात. तुम्ही रात्री दोनला बॅकअप लावलात, तर तो आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होतो. डेअरीवाल्याच्या बिलिंगची तीच गर्दीची वेळ. रोज सकाळी सिस्टिम संथ का होते, म्हणून तो वैतागतो आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसता. सर्व्हर हातात आला की सगळ्यात आधी टाइमझोन कोलकाता करून टाका.

रोजच्या दुखण्यांमध्ये सर्वात साधं दुखणं म्हणजे डिस्क भरणं. साइटवर डेटाबेसची काहीतरी चूक दिसते, गिऱ्हाईक म्हणतं हॅक झालं, आणि खरं कारण असं असतं की नोंदींच्या फाइल वाढत वाढत जागाच संपली. डीएफ ही कमांड किती जागा उरली ते सांगते, डीयू कोणी खाल्ली ते सांगते. दुसरं दुखणं मेमरीचं. १ जीबीच्या सर्व्हरवर वर्डप्रेस आणि मायएसक्यूएल एकत्र नांदत असतील आणि मेमरी संपली, तर लिनक्स स्वतःच एखादा प्रोग्राम मारून टाकतो. बळी बहुतेक वेळा डेटाबेसचा जातो, कारण तोच सर्वात जाडा असतो. थोडी स्वॅप जागा करून ठेवली तर निदान वेळ मिळतो. सुरक्षित कुलपासाठी लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, पण ते ९० दिवसांचं असतं. त्याचं नूतनीकरण आपोआप होतंय ना, हे महिन्यातून एकदा पाहा.

आणि मेल सर्व्हर स्वतः चालवायच्या फंदात पडू नका. तुमचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये जातील आणि गिऱ्हाईक तुमच्यावर चिडेल. मेलची तयार सेवा विकत घ्यायला सांगा.

बॅकअप आहे, पण परत येतो का?

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

३१ जानेवारी २०१७ ची गोष्ट. गिटलॅब ही प्रोग्रामर लोकांचा कोड सांभाळणारी कंपनी. म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांची कॉम्प्युटरवाली कंपनी. त्यांच्या डेटाबेसची दुसरी प्रत मुख्य डेटाबेसच्या मागे पडत होती. रात्री उशिरा एक इंजिनिअर ती नव्याने भरण्यासाठी तिथलं फोल्डर पुसायला गेला. कमांड चालली ती मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने थांबवली. तोपर्यंत सुमारे ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले होते.

बॅकअप होते ना? रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्राम ९.२ आवृत्तीचा होता आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता. ज्या साठवणीत तो जायचा, ती जागा रिकामी निघाली. बॅकअप फसला तर मेल येण्याची सोय होती, पण ते मेलसुद्धा मेलच्या सुरक्षा तपासणीत अडकून नाकारले जात होते. म्हणजे कित्येक दिवस सगळं शांत होतं आणि शांत आहे म्हणून सगळे निर्धास्त होते. शेवटी वाचवलं कोणी? त्याच इंजिनिअरने सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने एक स्नॅपशॉट घेतला होता. त्यावरून काम पुन्हा उभं राहिलं, मधल्या सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने हे सगळं लपवलं नाही, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि नंतर सविस्तर लिहिलं. म्हणून तर आपल्याला ते शिकता येतं.

आता हे तुमच्या गिऱ्हाइकाकडे आणा. समजा एका क्लासचे ४०० विद्यार्थी आहेत. कोणी किती फी भरली, कोणाचा कोणता हप्ता बाकी, सगळं त्या एका डेटाबेसमध्ये. तो गेला तर सरांना ४०० पालकांना फोन करून विचारावं लागेल, "तुम्ही किती भरले होते?" त्यांचा धंदा त्या वर्षी उठणार. आणि तुमचं नाव त्या गावात पुढची दहा वर्षं निघणार.

म्हणून महिन्यातून एकदा बॅकअप परत उतरवून बघायचा. कुठे? तुमच्या त्या जुन्या लॅपटॉपवर! बॅकअपची फाइल आणायची, रिकाम्या डेटाबेसमध्ये भरायची, शेवटची पावती कोणत्या तारखेची दिसते ते पाहायचं आणि एकूण किती मिनिटं लागली ते वहीत लिहायचं. काम झालं की गिऱ्हाइकाचा तो डेटा लॅपटॉपवरून पुसायचा. लागलेली मिनिटं गिऱ्हाइकाला सांगा. "सर, उद्या सगळं गेलं तर मी दीड तासात उभं करून देतो, मागच्या रविवारी करून पाहिलंय," असं म्हणणारा माणूस त्याला दुसरा भेटलेला नसतो. माझ्या मते एएमसी विकणारं याहून चांगलं वाक्य नाही.

बॅकअप त्याच कंपनीच्या त्याच इमारतीत ठेवू नका. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचा बॅकअपही तिथेच होता, त्यांच्यातल्या कित्येकांचं सगळंच गेलं. "क्लाउड" म्हटलं तरी शेवटी ती कुठल्या तरी गावातली इमारत असते.

आणि गिटलॅबच्या गोष्टीतून एक फुकटचा धडा. सर्व्हरांना सारखी नावं देऊ नका. एकाचं नाव "खरा", दुसऱ्याचं "शिकाऊ" ठेवा आणि खऱ्या सर्व्हरच्या ओळीला लाल रंग द्या. काहीही पुसण्याआधी नाव वाचायचं.

कागदावर काय लिहायचं

दराचा हिशोब करताना सर्व्हरचं भाडं बाजूला ठेवा, तुमचे तास मोजा. समजा भाडं महिना ६०० रुपये आहे आणि तुमचे दोन तास जातात. तुम्ही गिऱ्हाइकाकडून सगळं मिळून १,००० घेतले, तर दोन तासांचे ४०० उरले, आणि रविवारी रात्री येणारा फोन फुकट. तासाला ५०० धरलेत तर दोन तासांचे १,०००, अडीअडचणीसाठी आणखी ५०० आणि भाडं वेगळं, गिऱ्हाइकाच्याच कार्डावरून. अशी दहा गिऱ्हाइकं म्हणजे महिन्याला वीसेक तास आणि १५,००० रुपये. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला, पद्धत बदलू नका.

कार्ड गिऱ्हाइकाचं, सर्व्हरचं खातं गिऱ्हाइकाच्या नावावर आणि डोमेनही त्याच्याच नावावर. काही जण डोमेन स्वतःच्या नावावर ठेवतात, म्हणजे गिऱ्हाईक कुठे जाणार नाही. हे दुसऱ्याच्या दुकानाची पाटी आपल्या घरात ठेवण्यासारखं आहे. पुढे भांडण होतंच. एएमसीत काय येतं आणि काय येत नाही हे लिहा: अपडेट, बॅकअप, परत उतरवून पाहणं, सर्टिफिकेट आणि देखरेख येते. साइटचा रंग बदलणं येत नाही.

एक सरकारी बाबही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या, डेटा सेंटर वगैरेंनी सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात. उबंटूवर लॉगिनच्या नोंदी मूळ सेटिंगमध्ये साधारण चार आठवडेच राहतात. ते २६ आठवडे केलं की १८२ दिवस होतात. हे करा आणि गिऱ्हाइकाला नेमकं काय लागू होतं ते त्याच्या सीए किंवा वकिलांकडून विचारून घ्या.

आणखी एक. तुम्ही गणपतीला गावी गेलात, रेंज नाही, आणि सर्व्हर बंद पडला तर? अजून एक माणूस तयार ठेवा, भले दुसऱ्या तालुक्यातला तुमच्यासारखाच कोणी असेल. त्याची गिऱ्हाइकं तुम्ही बघा, तुमची त्याने. त्याची किल्ली वेगळी, तुमची वेगळी, आणि दोघांची नावं गिऱ्हाइकाला माहीत.

रोज एक तास दिलात तर तीन महिन्यांत पहिलं गिऱ्हाईक घेण्याइतकं येतं, असा माझा अंदाज आहे. पहिलं गिऱ्हाईक म्हणून स्वतःचीच वेबसाइट घ्या, दोन महिने सांभाळा, वहीत नोंदी ठेवा.

पुढच्या व्हिडिओत आपण डेटाबेस पुसून बॅकअपमधून परत आणणार आहोत, घड्याळ लावून. जुना लॅपटॉप आणि ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन बसा. आतले फोटो काढून घेतलेत ना?